टाइप १ मधुमेहात मनाचा थकवा कसा सांभाळावा

बोट टोचणे, घासागणिक हिशेब आणि इन्सुलिन यांना एका दिवसाचीही सुट्टी नसते. त्यामुळे मन थकले तर त्याला दुबळेपणा समजू नये. ग्लुकोमीटरवर २८० दिसले की स्वतःला दोष देण्याऐवजी आकडा, वेळ आणि आधी काय खाल्ले एवढेच वहीत लिहावे, कारण ताप, ताण आणि अपुरी झोप यांनीही साखर वाढते. साताऱ्यात कुणाकडेही गेले की कंदी पेढा पुढे येतो आणि पाठोपाठ "एकाने काय होतंय?" हेही येते, त्यासाठी "काकू, हिशेब करून मी खाऊ शकते, पण आज नको" असे उत्तर आधीच ठरवून ठेवावे. अचानक चिडचिड, घाम किंवा हातांना कंप जाणवल्यास प्रथम साखर तपासावी. ती ७०च्या खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी, मनातले बोलणे त्यानंतर. घरच्यांनी "किती आली?" याआधी "कशी आहेस?" असे विचारावे, हे मला फार मोलाचे वाटते. उदासी दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना सांगावे आणि इन्सुलिन टाळावेसे वाटू लागले तर त्याच दिवशी सांगावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.