आगोटीची बेगमी, संगणकाची

आगोट जवळ आली की घरोघरी यादी निघते. सोडे, सुके बांगडे, आमसुलं, कुळीथ, पडवीत रचलेली लाकडं. माझ्या यादीत शेवटी एक ओळ जास्त असते: वाचनालयातला डेबियनचा (लिनक्सच्या एका प्रकाराचा) संगणक. पाऊस लागला की आधी लाईट जाते, मग टॉवरची बॅटरी बसते आणि रेंजही जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं, त्यानंतर दापोली-मंडणगडातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. संगणक इन्व्हर्टरवर चालेल हो, पण अमुक सेटिंग कुठे असतं हे कोणाला विचारणार? म्हणून जे शोधायचं ते मे महिन्यातच शोधून ठेवा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करायच्या त्या रोमन लहान अक्षरांत, मोठं अक्षर लागेल तिथे सांगतो.

रेंज आहे तोवर सुडो ॲप्ट अपडेट चालवून घ्या. पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रामांच्या गठ्ठ्यांची, यादी एकदा डिस्कवर उतरली की ॲप्ट शो (पॅकेजाची माहिती) आणि ॲप्ट-कॅश पॉलिसी (कुठली आवृत्ती) नेटशिवायही उत्तर देतात. काही पॅकेजांची माहितीपुस्तकं वेगळ्या पॅकेजात असतात, नावाच्या शेवटी डॉक असलेल्या; ती आत्ताच उतरवा. मग ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल. यात मुख्यतः आपण स्वतः मागवलेली पॅकेजं येतात, त्यांच्यावर अवलंबून आलेला गोतावळा नाही. त्यातली रोजच्या वापरातली पाच-सहा निवडा, सगळ्यांच्या मागे लागू नका.

आता एकेक पॅकेज घ्या. बसवताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं डेबकॉन्फ जपून ठेवतं. सुडो डेबकॉन्फ-शो टीझेडडेटा (घड्याळाच्या वेळेचं पॅकेज) म्हटलं की आशिया आणि कोलकाता असं उत्तर दिसेल. ओळीच्या सुरुवातीला चांदणी (*) असेल तर तो प्रश्न पूर्वी विचारून झालाय, एवढाच तिचा अर्थ. पण यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. डेबकॉन्फ म्हणजे सातबारा: नोंद वीस कलमांची, बागेत उभी चौदा. कोणी मागाहून हाताने फाइल बदलली असेल, तर डेबकॉन्फकडे जुनंच उत्तर पडून असू शकतं. खरं काय ते ईटीसी फोल्डरात, म्हणजे सेटिंगच्या फाइली असतात तिथे, बघायचं. पॅकेजाने कुठल्या फाइली कुठे टाकल्या ते डीपीकेजी, रेघ (वजाबाकीची) आणि मोठा एल देऊन पॅकेजाचं नाव लिहिलं की कळतं.

मोठ्या एलऐवजी मोठा व्ही दिलात तर मूळच्यापेक्षा बदललेल्या फाइली दिसतात. ओळीत ५ आला म्हणजे मजकूर बदललाय. पुढे सुटा सी असेल तर ती कॉन्फिगरेशनची, म्हणजे सेटिंगची, फाइल. यातही एक गोम आहे. एसएसएच सर्व्हरची (दुसऱ्या संगणकावरून आत यायची सोय) मुख्य फाइल डेबियनमध्ये दुसऱ्याच यंत्रणेकडे असते, त्यामुळे ती बदलली तरी इथे चिडीचूप. तिच्यासाठी सुडो लावून एसएसएचडी, रेघ, मोठा टी. न लिहिलेली, मुळातली सेटिंगंही त्यात छापून येतात.

एनजिनएक्सलाही (वेबपानं पुरवणारा प्रोग्राम) मोठा टी चालतो, पण तो फाइलींत लिहिलेलं तेवढंच दाखवतो. हे मला चांगलंच महागात पडलं. पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो चढवायला मी मर्यादा २० एमबी करून ठेवली होती. अपग्रेडच्या वेळी फाइल नवी घेऊ की जुनी ठेवू असं विचारलं, मी घाईत वाय, म्हणजे नवी, दाबला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोटोला ४१३ची, म्हणजे फाइल फार मोठी असल्याची, चूक. मोठा टी देऊन शोधतोय तर मर्यादेची ओळच नाही! ओळ नसली की मुळातली १ एमबी लागू होते, हे मॅन्युअल वाचल्यावर कळलं. माझी फाइल शेजारीच डीपीकेजी-ओल्ड अशा शेपटीने पडून होती. ती परत आणली तरी चूक तशीच, कारण रीलोड दिल्याशिवाय चालू प्रोग्राम नवीन वाचतच नाही. तेव्हा तो प्रश्न आला की आधी डी दाबून फरक बघा.

प्रिंटरचं लवकर उरकतं. एलपीऑप्शन्स, रेघ, लहान एल. कागदाच्या ओळीत चांदणी ए-फोरवर आहे ना, एवढं बघा; इथे चांदणी म्हणजे निवडलेला पर्याय, डेबकॉन्फसारखं नव्हे.

हे सगळं शंभर पानी वहीत पेनाने उतरवा, पॅकेज, फाइलीचा पत्ता आणि आपण काय बदललं ते. पेनड्राइव्हवर प्रत ठेवाच, पण संगणकच उघडला नाही तर ती कुठे घालणार? वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. आमच्याकडे खालच्या खणाला जुलैत ओल येते.