‘व्हर्टिगो’ दोनदा पाहावा, तो असा

आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५८ सालचा ‘व्हर्टिगो’ निव्वळ रहस्यपट समजून पाहायला बसलेला प्रेक्षक पुष्कळदा हिरमुसतो, कारण गुन्ह्याचा उलगडा शेवटाच्या सुमारे अर्धा तास आधीच होऊन जातो. म्हणून हा चित्रपट दोनदा पाहावा आणि दुसऱ्यांदा नजर बदलावी. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपटविषयक मासिकाच्या कौलात समीक्षकांनी त्याला सर्वोत्तम चित्रपटांत पहिला क्रमांक दिला होता, ते तूर्त विसरावे, मात्र प्रत १९९६ च्या पुनरुज्जीवनानंतरचीच मिळवावी, कारण इथे रंग बोलतात.

पहिल्या वेळी स्कॉटीबरोबर राहावे. उंचीच्या भयाने पोलिसांची नोकरी सोडलेला हा माणूस (जेम्स स्ट्युअर्ट) सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून मित्राच्या पत्नीचा, मॅडलिनचा, पाठलाग करतो. बराच वेळ कोणी बोलत नाही, फक्त बर्नार्ड हरमन यांचे संगीत चालू असते. त्या वेळी मोबाइल हाती घेतला तर चित्रपट हातचा गेलाच. मनोऱ्याच्या जिन्यावर जमीन खोल जाताना दिसते, कारण कॅमेरा मागे सरकत असतानाच झूमने दृश्य जवळ ओढलेले आहे.

ज्यांनी एकदाही पाहिला नसेल त्यांनी कृपया इथेच थांबावे.

दुसऱ्या वेळी ज्यूडीकडे, म्हणजे किम नोव्हाक यांच्या चेहऱ्याकडे पाहावे; पूर्वार्धात मॅडलिनचे सोंग घेऊन वावरलेली तीच ही. दुकानात स्कॉटी एकामागून एक सूट नाकारतो, त्याला मॅडलिनचा तोच राखाडी सूट हवा असतो. पुढे केसही रंगवून होतात, पण ते मोकळे असतात आणि तेवढेही त्याला चालत नाही. ती केस बांधून, हॉटेलच्या पाटीच्या हिरव्या उजेडातून धूसर पुढे येते. पहिल्यांदा पाहताना आपल्यालाही गेलेले माणूस परतल्याचा आनंद होतो. दुसऱ्यांदा दिसते ती स्वतःला पुसून टाकून प्रेम मागणारी बाई, आणि मघाच्या आपल्याच आनंदाची लाज वाटते. हिचकॉक यांचे थोरपण मला या लाजेत दिसते.

मग पूर्वार्धाकडे परतावे. सान व्हान बाउतिस्ताच्या चर्चकडे धावण्यापूर्वी मॅडलिन म्हणते की, हे असे घडायचे नव्हते. पहिल्यांदा ते भ्रमिष्टाचे बोलणे वाटले होते. तिथे चित्रपट थांबवावा, थोडा मागे न्यावा आणि ते वाक्य ज्यूडीचे म्हणून पुन्हा ऐकावे.