प्रकटीकरणातील श्वापदाचा अर्थ कसा लावावा
बायबलमधील शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या 13व्या अध्यायात समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाचा अर्थ लावण्यासाठी वर्तमानपत्राआधी बायबलचा पहिला भाग, म्हणजे जुना करार, उघडावा. चित्त्यासारखे अंग, अस्वलाचे पाय, सिंहाचे तोंड आणि दहा शिंगे ही सारी त्यातील दानीएलाच्या पुस्तकाच्या 7व्या अध्यायातील चार श्वापदांची लक्षणे असून ती श्वापदे म्हणजे राजे व राज्ये असल्याचा खुलासा तिथेच केलेला आहे. म्हणून प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाचे श्वापदही जुलमी राजसत्तेचे रूप मानणे सयुक्तिक ठरते. मग ग्रंथ स्वतः कुठे उलगडा करतो ते पाहावे: 1:20 मध्ये सात समया म्हणजे सात मंडळ्या (ख्रिस्ती समुदाय), तर 17:9 मध्ये सात डोकी म्हणजे सात डोंगर, आणि रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातील पहिल्या श्रोत्यांना ते ऐकताच सात टेकड्यांवर वसलेले रोम आठवले असणार.

13:18 मध्ये श्वापदाची म्हणून दिलेल्या 666 या संख्येसाठी हिब्रू अक्षरांची अंकमूल्ये तपासावीत. ग्रीक वळणाने लिहिलेल्या ‘नेरोन कैसर’ या, म्हणजे रोमन सम्राट नीरोच्या, नावाची बेरीज तेवढीच येते. त्यातील शेवटचा ‘न’ गळला की 50 वजा होऊन 616 उरतात, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत नेमका हाच आकडा आढळतो. भविष्यात येणाऱ्या ख्रिस्तविरोधकाचा शोध घेणाऱ्या अनेक भाष्यकारांना हा पुरावा पुरेसा वाटत नाही, पण मला तो वजनदार वाटतो. बारकोडमध्ये 666 शोधण्याचा उद्योग मात्र खुशाल सोडून द्यावा.