हा भाला त्याला कुणी दिला? : ग्रीक वीरांच्या शस्त्रांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

संस्कृत घेऊन बी.ए. केल्यावर मी प्राचीन ग्रीककडे वळले. पहिल्या सत्रात अकिलीजच्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यातल्या ग्रीक महावीराच्या, शस्त्रांवर निबंध लिहिला. ढाल, तलवार, चिलखत, भाला, प्रत्येकाचं वर्णन आणि प्रत्येकाची ताकद. निबंध परत आला तेव्हा समासात एकच प्रश्न होता: ‘हा भाला त्याला कुणी दिला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नामागे जायला लागले आणि विषय खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला.

तो भाला पेलियन डोंगरावरच्या ॲश झाडाच्या लाकडाचा. कायरॉन नावाच्या सेंटॉरनं, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा घोडा असलेल्या प्राण्यानं, तो अकिलीजच्या बापाला, पेलियसला दिला. ‘इलियड’च्या सोळाव्या सर्गात अकिलीजचा मित्र पेट्रोक्लस त्याचं सगळं चिलखत चढवून रणात जातो, पण भाला मागे ठेवतो, कारण तो अकिलीजशिवाय कुणालाच पेलत नाही. पुढे ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर पेट्रोक्लसला मारतो, चिलखत काढून घेतो आणि स्वतः घालतो. अकिलीजसाठी हेफिस्टस देव रातोरात नवं चिलखत आणि ढाल घडवतो. भाला मात्र जुनाच, बापाचा. बाविसाव्या सर्गात अकिलीज आणि हेक्टर समोरासमोर येतात तेव्हा अकिलीजच्या समोर त्याचंच जुनं चिलखत उभं असतं. गळ्याशी, हासळीच्या हाडाजवळ, तेवढीच जागा उघडी आहे हे त्याची नजर हेरते, आणि पेलियनचा भाला तिथूनच आरपार जातो. भाला कुणाकडून आला आणि कुणाच्या हाती गेला नाही, हे धरून वाचलं नाही तर हा प्रसंग नुसती मारामारी उरतो.

म्हणून नव्यानं येणाऱ्याला माझा पहिला सल्ला: शस्त्रांची यादी करू नका. एक शस्त्र निवडा आणि ते कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं ते शोधा.

आपल्याला इथे एक अडचण येते. आपल्या मनात शस्त्राला नाव असतं. अर्जुनाचं गांडीव, महाराजांची भवानी. होमरच्या वीरांच्या शस्त्रांना अशी विशेषनामं जवळजवळ नसतातच. मी सुरुवातीला नावं शोधत बसले आणि त्यात बराच वेळ गेला. होमर नावाच्या जागी वंशावळ देतो. ‘इलियड’च्या दहाव्या सर्गात ओडिसियस हा ग्रीक वीर रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण घालतो, तिथे कवी थांबून सांगतो की ते ऑटोलिकसनं चोरलं होतं, मग पाहुण्याला भेट म्हणून गेलं, पुढे बापाकडून मुलाकडे आलं आणि शेवटी त्या मुलानं, मेरिओनीजनं, ओडिसियसच्या डोक्यावर ठेवलं. ऑटोलिकस हा ओडिसियसच्या आईचा बाप, हे होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ‘ओडिसी’त कळतं. म्हणजे आजोबांनी चोरलेली वस्तू फिरत फिरत नातवाच्या डोक्यावर आली! अशी शिरस्त्राणं मायसिनीच्या काळातल्या, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातल्या, थडग्यांत खरोखर सापडली आहेत. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात एक जुळवून ठेवलेलं आहे. महाकाव्यानं आजचं रूप घेतलं त्याच्या कित्येक शतकं आधीच ती वापरातून गेली होती.

दुसरी गोष्ट भाषेची. भाषांतरावर वर्ष-सहा महिने निघतात, पुढे नाही. आणि संस्कृत थोडंसं येत असेल तर घाबरायचं कारणच नाही. भाल्याला ग्रीकमध्ये ‘दोरू’ म्हणतात. तो शब्द आणि आपला ‘दारु’, म्हणजे लाकूड, देवदारातला, हे एकाच मुळाचे. ‘इओस’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, बाण आणि विष. ते मुळात दोन वेगळे शब्द: एक आपल्या ‘इषु’चा भाऊ, दुसरा ‘विष’चा. ग्रीकमध्ये झिजून दोन्ही सारखे झाले. धनुष्याला ‘बिओस’ आणि आयुष्यालाही ‘बिओस’, फरक फक्त उच्चारातल्या आघाताचा. पहिल्याचं नातं ‘ज्या’शी, म्हणजे धनुष्याच्या दोरीशी, दुसऱ्याचं ‘जीव’शी. हे कळल्यावर मी ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं ‘फिलोक्टेटीज’ नाटक पुन्हा उघडलं. इ.स.पू. ४०९ मध्ये त्याला पहिलं पारितोषिक मिळालं होतं. फिलोक्टेटीज म्हणजे महाबली हेराक्लीजनं स्वतःचं धनुष्य दिलेला माणूस, पायाच्या चिघळलेल्या जखमेमुळे साथीदारांनी बेटावर टाकून दिलेला. त्याच धनुष्यावर शिकार करून तो जगतो. ते फसवून काढून घेणाऱ्याला तो म्हणतो की धनुष्य घेऊन तू माझं आयुष्य घेतलंस. मूळ ओळीत आयुष्याच्या ‘बिओस’मागे धनुष्याचा ‘बिओस’ ऐकू येतो. कुठलंही भाषांतर ते पुरतं देऊ शकत नाही, आणि त्या एका ओळीसाठी ग्रीक शिकावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरी सवय म्हणजे वही. प्रत्येक माहितीपुढे लिहायचं: हे कोण सांगतंय, कधी सांगतंय. अकिलीजची टाच, त्याच्या शरीरातली एकमेव नाजूक जागा, होमरमध्ये नाही. त्याला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा इसवी सनाच्या पहिल्या शतकात, स्टेशियसच्या लॅटिन काव्यात येते. मेड्युसा राक्षसीला मारणाऱ्या पर्सियसचा विळा, टोपी, पंखांचे जोडे असा नीटनेटका संच आपण अपोलोडोरसच्या नावावरच्या संग्रहातून घेतो, आणि तो रोमन काळातला आहे. होमरपासून त्याच्यापर्यंतचं अंतर सात-आठशे वर्षांचं. सगळं एकाच कढईत घातलं की चव बिघडते. मूळ ग्रंथ टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस डिजिटल लायब्ररीत फुकट वाचता येतात, शब्दावर टिचकी मारली की कोश उघडतो. मी बराचसा अभ्यास त्यावरच केला.

ग्रंथांपलीकडे खुद्द ग्रीकांनी या शस्त्रांचं काय केलं तेही पाहा. मला आता हाच भाग सगळ्यात जवळचा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की आजच्या तुर्कस्तानातल्या फॅसेलिस गावात अथेना देवीच्या देवळात अकिलीजचा भाला ठेवलेला आहे. त्याचं पातं काशाचं होतं, यावरून त्या काळची शस्त्रं काशाची असत असा तर्क तो करतो. ग्रीसमधल्या कायरोनिया गावात आगामेम्नॉनच्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक सेनापतीच्या, राजदंडाला लोक ‘दोरू’ म्हणत आणि पूजत. देऊळ नव्हतं, पुजारी वर्षभर तो घरात ठेवी, रोज नैवेद्य दाखवी. खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू वाहणाऱ्या घरातून आलेल्या मला हे वाचताना परकं वाटलं नाही. आणि इ.स.पू. ३३४ मध्ये अलेक्झांडर ट्रॉयच्या देवळातून जुनी शस्त्रं उचलतो, स्वतःची तिथे वाहतो. त्यातलीच ढाल घेऊन त्याचा योद्धा प्युसेस्टस पुढे पंजाबात, मल्लोई या टोळीच्या गडात जखमी अलेक्झांडरला आडोसा देऊन उभा राहिला, असं इतिहासकार ॲरियन सांगतो.

कामधंद्याचं थोडक्यात. भारतात या विषयाची थेट पदं फारच कमी आहेत. पुढे जायचं तर बाहेर एम.ए. करावं लागतं, लॅटिन आणि जर्मन लागतं. शिष्यवृत्तीचा अर्ज किमान वर्षभर आधी सुरू करा. मी स्वतः आज शिकवते आणि संग्रहालयांसाठी नोंदी लिहिते, त्यात घर चालतं.

पहिल्या महिन्यासाठी एक काम देते. ‘इलियड’चा सातवा सर्ग घ्या. हेक्टर आणि ग्रीक वीर अजॅक्स लढतात, अंधार पडल्यावर थांबतात आणि भेटी देतात: हेक्टर तलवार देतो, अजॅक्स कमरपट्टा. मग सोफोक्लीजचं ‘अजॅक्स’ वाचा, तो त्याच तलवारीवर स्वतःला झोकून देतो. मग ‘ओडिसी’चा अकरावा सर्ग. पाताळात ओडिसियस त्याला हाक मारतो, मेलेल्या अकिलीजची शस्त्रं तुझ्याऐवजी मला मिळाली त्याचा राग सोड म्हणून विनवतो. अजॅक्स एक शब्दही बोलत नाही, काळोखात निघून जातो. तिन्ही वाचून झाले की तलवारीचा प्रवास एका पानावर लिहून काढा.