तिरकं केलं म्हणजे इटॅलिक झालं नाही: या चुका टाळा

लग्नपत्रिका, अत्तराचं लेबल, कॅफेचं मेनूकार्ड. इंग्रजी मजकूर जरा नाजूक दिसायला हवा म्हटलं की हात थेट गॅरामाँड या जुन्या फ्रेंच अक्षराच्या वळणाच्या इटॅलिककडे, म्हणजे त्याच्या तिरक्या, हस्ताक्षरी रूपाकडे जातो. निवड बरोबरच असते. वाट लागते ती पुढच्या दहा मिनिटांत.

सगळ्यात जुना रोग म्हणजे सरळ अक्षर ढकलून तिरकं करणं. वर्डमध्ये 'आय'चं बटण दाबलं की इटॅलिकची फाइल मशीनवर नसली तरी अक्षर कलतं, कारण वर्ड गुपचूप खोटं इटॅलिक बनवतो. ब्राउझरही तेच करतो. पानं मांडायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन असं परस्पर करत नाही, तर लोक स्क्यूच्या (अक्षर कलवायच्या) रकान्यात 12 अंश टाकून मोकळे होतात.

यात बिघडतं काय? इटॅलिक हे मुळात वेगळं अक्षर आहे. 1501 मध्ये व्हेनिसच्या आल्डुस मानुतियुस या मुद्रकानं रोमन कवी व्हर्जिलची छोटेखानी प्रत इटॅलिकमध्ये छापली. ते अक्षर कोरलं फ्रान्चेस्को ग्रिफोनं, त्या काळच्या भरभर लिहायच्या हस्ताक्षरावरून. गंमत म्हणजे त्यात कॅपिटल अक्षरं सरळच होती. म्हणजे मुद्दा कलण्याचा नव्हताच, हाताच्या ओघाचा होता. आपल्याकडे बाळबोध आणि मोडीचं जे नातं, साधारण तसंच हे. बाळबोध अक्षर ढकललं म्हणून त्याची मोडी होते का?

खोटं इटॅलिक ओळखायला लहान 'ए' बघा. खऱ्यात तो एका पोटाचा असतो, हातानं काढतो तसा. ढकललेल्यात छापील, दुमजलीच राहतो. या वळणाच्या इटॅलिकमध्ये 'एफ'ची शेपटी ओळीखाली उतरते, खोट्यात तो ओळीवरच थांबतो. शिवाय ढकलल्यामुळे उजवीकडे चढणाऱ्या रेघा बारीक होतात आणि उजवीकडे उतरणाऱ्या जाड, म्हणून 'ओ' पिळवटल्यासारखा दिसतो.

उपाय एकच: फॉन्ट टाकताना इटॅलिकची फाइल सोबत टाका आणि शैली फॉन्टच्या यादीतून निवडा, बटणानं नाही. वेबसाइटच्या सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) 'फॉन्ट-सिंथेसिस: नन' लिहून ठेवा, म्हणजे फाइल राहिली असेल तर अक्षर सरळ दिसेल आणि चूक लगेच सापडेल. ईबी गॅरामाँड हा फॉन्ट फुकट मिळतो. त्याचं इटॅलिक 1592 च्या नमुनापत्रकातल्या रोबेर ग्रांजाँ या फ्रेंच अक्षर कोरणाऱ्याच्या अक्षरांवर बेतलेलं आहे. इतकं फुकट मिळत असताना 12 अंशांचा स्क्यू हा निव्वळ आळस.

आणि हो, देवनागरीला तर हे करूच नका. शिरोरेघ आडवीच राहते, काने मात्र पडायला आलेल्या कुंपणासारखे कलतात आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर रेलतात. ठसवायचं असेल तर ठळक करा किंवा अवतरणचिन्हं द्या.

दुसरी चूक पैशात पडते. नेहमीचा प्रसंग असा: रिसेप्शनचं कार्ड, गडद मरून पार्श्वभूमी, त्यावर पांढऱ्या अक्षरात कॉर्मोरंट या फॉन्टचं लाइट (बारीक) इटॅलिक, पत्ता 8 पॉइंटात. पडद्यावर 400 टक्क्यांवर पाहून सगळे खूश. ऑफसेटवर 500 कार्डं निघतात आणि पत्त्यातली अर्धी अक्षरं मधेच तुटलेली. शिव्या मशीनवाल्याला. त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. मरून रंग तीन-चार प्लेटींतून तयार होतो, दर शाईची एक प्लेट. रजिस्टर (प्लेटींचे छाप एकमेकांवर नेमके बसणं) 0.1 मिलिमीटर हललं तरी ते जवळपास 0.28 पॉइंट भरतं. अक्षराची बारीक रेघ त्याहून बारीक असेल, तर शेजारची शाई ती गिळणारच.

कॉर्मोरंट मुळात मोठ्या आकारासाठी काढलेला आहे, शीर्षकात शोभतो. आधी मोजून घ्या: अक्षर 100 पॉइंटाला ठेवा, आउटलाइन करा (म्हणजे अक्षराचा मोजता येणारा आकार होतो), सर्वांत बारीक रेघेची जाडी बघा. ती 2 पॉइंट आली तर 10 पॉइंटाला 0.2 उरेल. पांढऱ्या कागदावर एकाच काळ्या शाईत 0.25 च्या खाली जाऊ नये, गडद रंगातून पांढरं काढायचं तर 0.5 च्या खाली. बसत नसेल तर मीडियम किंवा सेमीबोल्ड वजन घ्या, आकार वाढवा, नाहीतर पत्ता साध्या अक्षरात टाका. नावं इटॅलिकमध्ये आहेत तेवढं पुरे. आणि घरच्या लेझर प्रिंटवर विसंबू नका, तो चार प्लेटींच्या सरकण्याबद्दल काहीच सांगत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

सगळं नाव स्वॉश कॅपिटलमध्ये लिहू नका. नक्षीदार शेपटी पहिल्या अक्षराला, फार तर आडनावाच्या पहिल्याला. बाकी वेलबुट्टी होते, वाचता येत नाही.

ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर) ओढून शब्द रुंद करू नका. इटॅलिकची लहान अक्षरं एकमेकांकडे झुकून ओघ धरतात. 'हवेशीर' करायचा हट्ट असेल तर सरळ कॅपिटल घ्या.

इटॅलिक शब्दाच्या शेवटी 'एफ' आला आणि लगेच न कललेला कंस किंवा अवतरणचिन्ह असलं की दोघांची टक्कर होते. त्या एका जोडीत कर्निंग (दोन चिन्हांमधलं अंतर) 50 ते 80 नं वाढवा. पूर्ण परिच्छेदाचं नाही, फक्त त्या जोडीचं.

फोन नंबरातले आकडे खालीवर नाचत असतील तर ते जुन्या वळणाचे आहेत. ओपनटाइपच्या (फॉन्टमधल्या जादा सोयींच्या) मेनूतून लायनिंग, म्हणजे एकाच उंचीचे आकडे निवडा.