रात्रीच्या लाईटीला येणारे विचार आणि त्यांना द्यायचं उत्तर

आमच्याकडं शेतीपंपाला लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात बाराच्या सुमाराला उठायचं, बॅटरी घ्यायची, वावरात जाऊन मोटर चालू करायची आणि गव्हाला दारं धरत, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवत, बसायचं. एक सरी भरून पाणी दुसरीला लागेपर्यंत हाताला काम नसतं. आणि हात रिकामे असले की डोकं चालू होतं. ज्याला रात्री दारं धरायची सवय आहे, त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळंल. बँकेचं किती राहिलं, पोरीच्या लग्नाचं कसं, शेजाऱ्याची बाग कशी फुटली आणि आपली का नाही. दिवसा हेच विचार येतात, पण दिवसा माणसं असतात, गुरं असतात. रात्री विहिरीच्या कडेला बसलं की विचार आणि आपण, दोघंच.

मी जालना जिल्ह्यातला, मोसंबीवाला. घराणं ख्रिस्ती, ते जालन्याजवळच्या बेथेलच्या काळापासून. नारायण शेषाद्री या ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी एकोणिसाव्या शतकात ते गाव वसवलं. लहानपणापासून प्रार्थना ऐकत आलो, तरी माझं तोंड मात्र वाईटच बोलत राहिलं. ते कसं सुधारलं ते सांगतो. तुम्हाला जमंल तसं घ्या.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या बागाच्या बागा वाळल्या. माझी दोन एकर होती, वीस बाय वीसवर लावलेली, दोनशेच्या वर झाडं, वडिलांच्या हातची. टँकरचं पाणी विकत घेऊन घातलं, झाडाच्या बुडाला पाचट अंथरलं, अर्ध्या फांद्या छाटून झाड हलकं केलं. उन्हाळा सरता सरता पानं चुरचुरीत झाली, साल सुटायला लागली. मग करवतवाला बोलावला. मोसंबीचं लाकूड पिवळसर असतं, कापताना फळाच्या सालीसारखा वास येतो. तो वास दोन दिवस वावरात होता. झाडं सरपणाच्या भावानं गेली. त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "माझ्या हाताला यशच नाही."

ते वाक्य त्या दिवशी खोटं वाटलं नाही. पण ते तिथंच थांबलं नाही. कपाशीवर बोंडअळी आली तरी तेच, मोटर जळाली तरी तेच, म्हैस गाभण राहिली नाही तरी तेच. कारण प्रत्येक वेळी वेगळं, वाक्य मात्र एकच.

म्हणून पहिलं काम सांगतो ते हे: वाक्य पकडा. विचार पकडता येत नाही, तो धुरासारखा असतो, पण तोंडातून निघालेलं वाक्य पकडता येतं. कृषी सेवा केंद्राची फुकट मिळालेली छोटी डायरी मी खिशात ठेवली आणि आठ दिवस, स्वतःबद्दल किंवा पुढच्या दिवसांबद्दल जे वाईट बोललो ते जसंच्या तसं लिहिलं. सुधारून नाही, शिवी असली तर शिवीसकट. आठ दिवसांनी पाहिलं तर सगळी मिळून तीनच वाक्यं होती. "माझ्या हाताला यश नाही." "आपलं कुणीच नाही." "आता काय राहिलंय?" मला वाटत होतं माझ्या डोक्यात शंभर चिंता आहेत. तुमचीही तीन-चारच निघतील. घरच्या माणसाला विचारलं तर ते लिहायच्या आधीच सांगेल, कारण ऐकून ऐकून त्याला पाठ झालेली असतात.

दुसरं सांगायला सोपं, पण माणसं हेच विसरतात. जेवा आणि झोपा. बायबलातल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचा. एलीया संदेष्टा एवढा मोठा देवाचा माणूस, पण ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळाला, एका झाडाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवानं त्याला काय केलं? रागावला नाही, उपदेश केला नाही. दूत आला, त्यानं भाकर आणि पाणी दिलं. एलीया जेवला, परत झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. रात्रपाळीच्या आठवड्यात माझी झोप मोडते, तेव्हा माझे विचार दुप्पट काळे होतात हे मी डायरीतच पाहिलंय. म्हणून त्या आठवड्यात मी दुपारी दोन तास झोपतो, लोक आळशी म्हणाले तरी. आणि रात्री कर्जाचा हिशोब करत नाही. हिशोब सकाळी भाकरी खाऊन.

आता खरं काम. आमच्यातली पुष्कळ माणसं समजतात की विश्वासू माणसानं गाऱ्हाणं करूच नये. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी विचारलं "कसं काय?" तर आतून पेटलेलं असलं तरी "प्रभूच्या कृपेनं बरं" म्हणायचं. हे मला पटत नाही. स्तोत्रं दीडशे आहेत आणि त्यातली कितीतरी नुसती रडगाणी आहेत. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं, आणि त्याची सुरुवातच अशी की देवा, किती दिवस मला विसरणार? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. ही शास्त्रात ठेवलीत ती आपण म्हणावीत म्हणूनच ना? म्हणून आधी देवाजवळ तक्रार करा, मोठ्यानं, आपल्या बोलीत. मी विहिरीवर बसून म्हणतो, "देवा, बापाच्या हातची बाग गेली. तू पाहत होतास. मला राग आलाय." एवढं बोलल्यावर छाती हलकी होते. दाबून ठेवलेलं दुसरीकडून फुटतं, बायकोवर नाही तर बैलावर.

पण तक्रारीवर थांबायचं नाही. बेचाळीस आणि त्रेचाळीस ही स्तोत्रं जोडून वाचा. त्यात गाणारा स्वतःच्या जिवालाच विचारतो, माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर. हा प्रश्न तो तीन वेळा विचारतो. एकदा विचारून जीव ऐकत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण तो जिवाचं ऐकत बसत नाही, जिवाशी बोलतो. मला रस्ता इथं सापडला. इतकी वर्षं मी माझ्या मनाचं ऐकत होतो. मनाला मी काही सांगितलंच नव्हतं.

येशूनंही तेच केलं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात, चाळीस दिवसांच्या उपासानं भुकेला असताना सैतान तीन वेळा त्याच्याशी बोलतो. तिन्ही वेळा प्रभूचं उत्तर एकच धाटणीचं, असा शास्त्रलेख आहे. तिन्ही वचनं बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. म्हणजे ती आधीपासून पाठ होती. रानात त्याच्याजवळ शास्त्राची गुंडाळी नव्हती. आणि त्यानं ती मनातल्या मनात नाही म्हटली, तोंडानं म्हटली.

मग डायरीतल्या तीन वाक्यांसमोर मी तीन उत्तरं लिहिली. डावीकडं माझं वाक्य, उजवीकडं वचन, आणि वचनाखाली तेच माझ्या शब्दांत. "आपलं कुणीच नाही" याच्यासमोर उत्पत्तीचा २८ वा अध्याय. याकोब घरातून पळालेला, रात्री उघड्यावर, उशाला धोंडा. स्वप्नातून जागा झाल्यावर तो म्हणतो, परमेश्वर या ठिकाणी होता आणि मला ठाऊक नव्हतं. त्या जागेचं नाव त्यानं बेथेल ठेवलं, देवाचं घर. ज्या नावाच्या गावातून आमचे वाडवडील आले, त्या नावाचा अर्थ मला चाळिशीनंतर नीट कळला. माझ्या शब्दांत मी लिहिलं, "या विहिरीवर देव आहे, मला दिसत नसला तरी." "आता काय राहिलंय" याच्यासमोर विलापगीत, तिसरा अध्याय. यरुशलेम जळून गेल्यावर लिहिलेलं ते, सुखात बसून लिहिलेलं नाही, आणि त्यातच म्हटलंय की देवाची दया रोज सकाळी नवी होते. माझं वाक्य, "आजच्यापुरती दया आहे. उद्याची उद्या."

"माझ्या हाताला यश नाही" याचं उत्तर शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आणि इथं एक इशारा देतो. एका मोठ्या सभेत एक प्रचारक सांगत होते की तोंडानं कबूल करा, माझं कर्ज फिटलं म्हणा, म्हणजे फिटतं. मी भोळेपणानं दोन महिने म्हटलं. व्याज वाढलं. शेवटी बँकेत जाऊन कर्जाचं पुनर्गठन करून घेतलं, तेव्हा हप्ता आवाक्यात आला. चांगलं बोलणं म्हणजे खोटं बोलणं नाही. पौल प्रेषितानं फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात मनात काय काय आणावं ते सांगितलं, चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनात, त्यात पहिला शब्द सत्य आहे. तेव्हा प्रत्येक उत्तराला एक कस लावा: हे आज, या अवस्थेत, खरं आहे का? "यंदा बाग भरघोस येणार" हे मला माहीत नाही, म्हणून मी म्हणत नाही. मी म्हणतो, "बाग दुष्काळानं गेली, माझ्या हातानं नाही. हे हात देवानं दिलेत, आणि ते उद्याही काम करणार." यातला शब्द न् शब्द खरा आहे, म्हणून रात्री दोन वाजताही तो टिकतो.

म्हणताना हळू म्हणा, पण आवाज फुटू द्या. विचार आला की लगेच, पाच मिनिटांनी नाही. सुरुवातीला ओशाळल्यासारखं होतं. मी मोटरीच्या आवाजात म्हणायचो, कुणी ऐकू नये म्हणून.

आणि हे तोंड फक्त आपल्यासाठी नसतं, ते मला माझ्या लेकरानं शिकवलं. दहावीच्या सहामाहीत त्याला गणितात कमी पडले. त्याच्या आईनं समजूत घातली, तर तो म्हणाला, "माय, आपल्या हाताला यशच नाही, मग अभ्यास करून काय करू?" मी पडवीत भाकरी खात होतो. घास तोंडातच राहिला. वाक्य माझं होतं, आवाजाची ढब सुद्धा माझी. बागेचं दुःख मी त्याला वारसा म्हणून देऊन बसलो होतो. त्या रात्री मी त्याच्याजवळ बसून सांगितलं, "बाळा, हे मी चुकीचं बोलत आलो. तू ते घेऊ नको." बापानं लेकराची माफी मागायची आपल्याकडं रीत नाही. तरी मागितली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेला निघताना मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद म्हणायला लागलो, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. अर्धा मिनिट लागतो. पहिले काही दिवस तो मान आखडून उभा राहायचा. नंतर आपणहून चप्पल घालायच्या आधी येऊन थांबायला लागला.

चांगल्या दिवसांतही हे सोडू नका. मोसंबीच्या खोडाला आम्ही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावतो. एक किलो मोरचूद वेगळ्या पाण्यात, एक किलो कळीचा चुना वेगळ्या पाण्यात, दोन्ही मिळून दहा लिटर, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही. मग ब्रशनं दोन-तीन फुटांपर्यंत खोड निळं करायचं. डिंक गळायला लागल्यावर धावपळ करणाऱ्याचं अर्धं झाड गेलेलं असतं. वचनाचंही तसंच आहे. मी सकाळी धार काढताना तिन्ही उत्तरं एकदा म्हणतो, मन बरं असलं तरी. तेव्हा म्हटलेलं असतं म्हणून रात्री तोंडाशी येतं.

एका माणसाला तरी तुमची वाक्यं माहीत असू द्या. आमच्या बुधवारच्या प्रार्थनेतल्या एका काकांना मी माझी डायरी दाखवली. ते काही बोलले नाहीत, फक्त आता भेटल्यावर "जय ख्रिस्त" म्हणून झालं की विचारतात, "कोणतं वाक्य चालू आहे?" मला खोटं बोलता येत नाही.

आणि जर झोप आठवडेच्या आठवडे येत नसंल, जेवण जात नसंल, किंवा जीव द्यायचा विचार येत असंल, तर वचन म्हणत एकटे बसू नका. लगेच घरातल्या माणसाला उठवा. १४४१६ हा मनाच्या त्रासात बोलायला सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर भेटतात. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, एलीयाला भाकर कुणी पाठवली होती? आमच्या मराठवाड्यात किती घरांत रिकामी खाट आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा कमी माहीत नाही. ही गोष्ट मंडळीत उघड बोलली जावी असं मला फार वाटतं.

बागेच्या जागी मी पुन्हा झाडं लावलीत, साठच, पाणी पुरंल तेवढी. विचार अजून येतात. या आठवड्यात रात्रीची लाईट आहे. डायरी बनियनच्या खिशात आहे, पण आता ती उघडावी लागत नाही. मोटर चालू केली की विहिरीच्या कडेच्या धोंड्यावर बसतो, पहिली सरी भरेपर्यंत तिन्ही वाक्यं म्हणून होतात. मग खोरं घेऊन दुसरं दार फोडतो.