दसऱ्यानंतर जांबोटीच्या रानात पक्षी कसे पाहावेत

दसरा झाला, पावसाची झड थांबली, बेळगावजवळच्या खानापूरकडे सुगीची चाहूल लागली की पक्षी बघायला बाहेर पडावं. आपल्याकडे या दिवसांत पानगळ नसते. रान पावसाने माजलेलं असतं आणि पाखरं पानाआड. त्यामुळे डोळ्यांआधी कान कामाला लावायचे.

दुर्बीण आदल्या दिवशी घरीच लावून घ्या. ८×४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. दहापटीची हातात जास्त हलते आणि दाट सावलीत अंधूक दाखवते. समोरच्या दुकानाची पाटी धरा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा, अक्षरं स्वच्छ झाली की थांबा. मग डावा मिटा आणि उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. रानात पाखरू दिसलं की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. नवखी माणसं मान खाली घालून दुर्बीण शोधतात, तेवढ्यात पाखरू गेलेलं असतं.

बेळगावातून अंधारातच निघा, उजाडताना जांबोटीच्या पुढे असलं पाहिजे. याच भागातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. आत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. पण पहिल्या वर्षी आत जायची गरजच नाही. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या भरधाव असतात, म्हणून मुख्य रस्ता सोडून एखाद्या गावाच्या फाट्याला वळा. पँट मोज्यात खोचा, जळवा अजून असतात. कपडे मातकट रंगाचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चालू नका. फळलेला उंबर किंवा वड शोधा आणि थोडं लांब, सावलीत बसा. मला हे उमगायला दोन हंगाम गेले. पहिली दहा मिनिटं काहीच हलत नाही. मग कुटुर्गा या हिरव्या पाखराचं कुटुर्र-कुटुर्र सुरू होतं, बुलबुल उतरतात, आणि फांदीचं एखादं पान पाय फुटल्यासारखं सरकतं. तो हरियल, म्हणजे हिरवं रानकबूतर. पिवळे पाय दिसले की खात्री झाली. माणूस खदाखदा हसल्यासारखा आवाज आला तर मलबारी राखी धनेश, म्हणजे मोठ्या बाकदार चोचीचं पाखरू. महाधनेश मात्र दिसण्याआधी पंखांनी कळतो, वाफेच्या इंजिनासारखा सूं-सूं आवाज डोक्यावरून जातो. गावात चौकशी करताना ‘धनेश’ कळला नाही तर कन्नडमध्ये ‘मंगट्टे’ म्हणून विचारा. लगेच झाडापर्यंत बोट दाखवतील.

कधी अचानक चहूबाजूंनी चिवचिव उठते. कोतवाल, निखार, वटवट्या, सुतार असे वेगवेगळे पक्षी एकत्र किडे टिपत सरकत असतात. अशा वेळी सगळे बघायला जाऊ नका, एकच धरा. आकार, चोच, शेपूट, मग रंग, याच क्रमाने बघा आणि तिथेच वहीत लिहा. नाव घरी शोधता येतं.

उन्हं वर आली की ओढ्यावरच्या मोरीपाशी जा. पोटाशी पिवळा, शेपटी सारखी वरखाली करणारा करडा धोबी तिथे हमखास भेटतो. तो हिमालयाकडून आलेला पाहुणा. पाहुण्यांची ओळख सुरू करायला याच्याइतकं सोपं पाखरू नाही.

मोबाइलवर पक्ष्यांचा आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला असं समजून ते खाणं सोडून धावत येतात. दोन क्षणांच्या फोटोसाठी त्यांची सकाळ मोडायची नाही.

परतताना माळावरच्या तारांकडे लक्ष असू द्या. बसलेला नीलपंख मळकट तपकिरी वाटतो. कर्नाटकाचा राज्यपक्षी हाच, आणि सकाळी बघितलेला हरियल महाराष्ट्राचा. गाडी लांब थांबवा, काच खाली करा, दार उघडू नका. गाडीला तो बिचकत नाही, उतरलेल्या माणसाला बिचकतो. थोड्या वेळाने नाकतोडा टिपायला तो खाली झेप घेईल. तेव्हा पंख उघडतात आणि निळाईचे दोन पट्टे दिसतात.